घड मोजायची घाई

माझे मामा द्राक्षाच्या बागेत चालतात आणि घरात अडकतात. निफाड तालुक्यातली दोन एकरांची बाग, ओळी दक्षिणोत्तर. सकाळी आठ-साडेआठला ऊन तिरपं असतं, तेव्हा वेलींच्या मांडवाला आधार देणाऱ्या लोखंडी अँगलच्या सावल्या दोन ओळींमधल्या वाटेवर आडव्या पडतात. मामा एकेक सावली ओलांडत थेट टोकापर्यंत जातात, तेही कुणाचा हात न धरता. घरी परतले की स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी पाय जे चिकटतात ते चिकटतातच. मागून मामी म्हणतात, "उचला पाय." मामा म्हणतात, "उचलतोच आहे." आणि पाय तिथेच.

हा पार्किन्सन्स. न्यूरॉलॉजिस्टनी आम्हाला समजावलं ते असं: आपण ज्या वाटेने न विचार करता चालतो, मेंदूतली ती वाट खचली आहे. समोर रेघ दिसली की मेंदू डोळ्यांची मदत घेऊन दुसऱ्या वाटेने काम भागवतो. मामींनी त्याच दिवशी उंबरठ्याअलीकडे पांढऱ्या ऑइलपेंटने तीन आडव्या पट्ट्या मारल्या. निम्म्या वेळा उपयोग होतो.

गेल्या वर्षी मामांच्या फोनवर एक जाहिरात आली. 'मेंदूच्या मेलेल्या नसा पुन्हा वाढवा', खाली कुठल्याशा क्लिनिकचा नंबर. फोन केला तर मूळपेशींच्या, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी तयार होतात त्यांच्या, तीन इंजेक्शनांचे साडेचार लाख सांगितले, पैसे आधी. मामांनी मला विचारलं, "खरं आहे का रे हे?" मी फटकन म्हणालो, "फसवणूक आहे." त्यावर ते म्हणाले, "म्हणजे नस पुन्हा वाढतच नाही म्हणतोस?" इथे मी गप्प झालो. क्लिनिक खोटं बोलत होतं, पण मी 'नाही वाढत' म्हटलं असतं तर मीही खोटंच बोललो असतो.

आपल्या बोलण्यात नस आणि शीर यांचा सगळा घोळ आहे. 'शीर दबली' म्हणतो तेव्हा तो मज्जातंतू असतो, आणि 'शीर सापडत नाही' म्हणणारी नर्स रक्तवाहिनी शोधत असते. मामांच्या प्रश्नातली नस म्हणजे चेतापेशीतून निघणारा लांब धागा, ज्याच्यावरून संदेश जातो. हाताला खोल जखम होऊन हा धागा तुटला तर तो पुन्हा वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला त्याला वर्षाहून जास्त लागतं. मेंदूत आणि मणक्यातल्या रज्जूत मात्र तो वाढत नाही. थोडासा सरकतो आणि थांबतो. रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघून, हाताने चित्रं काढून मांडलं आणि निवाडा दिला: प्रौढ मेंदूत सगळं मरू शकतं, पुन्हा काहीच उगवत नाही. हा कठोर हुकूम जमलं तर उद्याच्या विज्ञानाने बदलावा, असंही त्याने लगेच पुढे लिहून ठेवलं.

हुकूम थोडा थोडा बदलत गेला. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन बाईंना मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी विद्यापीठातून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी तुरीनमधल्या आपल्या घरी, झोपायच्या खोलीत, कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग चालू ठेवले. पुढे अमेरिकेत त्यांनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी असं एक प्रथिन शोधलं, की ज्याच्या सान्निध्यात चेतापेशीला चहूबाजूंनी धागे फुटतात. १९८६ चं नोबेल त्यासाठीच. त्याआधी १९८१ मध्ये माँट्रियलला अल्बर्ट अग्वायो यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पायाकडच्या मज्जातंतूचा तुकडा काढून रज्जूला जोडला, तर एरवी हट्टाने न वाढणारे आतले धागे त्या तुकड्यातून काही सेंटिमीटर वाढत गेले. म्हणजे बी मेलेलं नव्हतं, जमीन वाईट होती.

पार्किन्सन्समध्ये नेमकं काय मरतं, हे इथे महत्त्वाचं. आपण ऐकलेलं असतं की डोपामाइन, म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी मरतात. ते खरं, पण त्यांच्या आधी त्यांच्या फांद्या वाळतात. उंदराच्या मेंदूतल्या अशा एका पेशीच्या सगळ्या फांद्या एकापुढे एक ठेवल्या तर अर्ध्या मीटरच्या आसपास भरतात. माणसाच्या त्याहून कितीतरी लांब असणार. एवढा पसारा सांभाळणारी पेशी आधी टोकाकडूनच हार मानते. वेगवेगळ्या टप्प्यांवर मृत्यू आलेल्या रुग्णांचे मेंदू तपासून जेफ्री कॉर्डोवर यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की निदानानंतर चारेक वर्षांतच, हालचालींचं नियंत्रण जिथे होतं त्या भागातले हे धागे जवळपास संपलेले असतात. मूळ पेशी मात्र त्या वेळीही बऱ्याच शिल्लक असतात. खोड उभं, फांद्या गेलेल्या.

मामा रोज घेतात ती सिंडोपाची गोळी फांद्या वाढवत नाही. ती वरून डोपामाइनचा कच्चा माल टाकते. जेवणाच्या आधी अर्धा तास घ्यायची, वरण-उसळ जास्त झाली की कमी लागू पडते, तीन तास 'ऑन', मग 'ऑफ'. आमच्या घरी वेळ सांगायला घड्याळ लागत नाही, मामांच्या पावलांवरून कळते. त्यामुळे फांद्याच पुन्हा फुटवता आल्या तर, हा विचार कुणालाही सुचेल असा आहे. तीसेक वर्षांपूर्वी तो सुचला आणि त्याला नावही मिळालं: जीडीएनएफ.

हे प्रथिन १९९३ मध्ये कोलोरॅडोतल्या सिनर्जेन या कंपनीत सापडलं. बशीत वाढवलेल्या डोपामाइन पेशींवर ते टाकलं की पेशी तगतात आणि धागे सोडतात. पुढच्याच वर्षी ॲमजेन या औषधकंपनीने सिनर्जेन विकत घेतली. अडचण एकच आणि मोठी. रेणू इतका थोराड की रक्तातून मेंदूत शिरत नाही. आधी तो मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत टोचून पाहिला. मळमळ झाली, वजन उतरलं, औषध हवं तिथे पोचलंच नाही. मग ब्रिस्टलचे मेंदूशल्यविशारद स्टीव्हन गिल यांनी थेट त्या भागात बारीक नळ्या बसवल्या. रुग्ण फक्त पाच. २००३ मध्ये आलेले निष्कर्ष असे, की वर्षभरात गोळीविना केलेल्या हालचालींच्या चाचणीत सरासरी ३९ टक्के सुधारणा. पुढे त्या पाचांपैकी एक जण हृदयविकाराने गेला आणि त्याचा मेंदू तपासायला मिळाला. औषध जिथे झिरपत होतं तिथे डोपामाइनच्या धाग्यांची दाटी वाढलेली दिसली. २००५ मध्ये हा अहवाल छापून आला. प्रौढ माणसाच्या आजारी मेंदूत औषधाने धागे फुटले, याच्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पहिल्या काही पुराव्यांपैकी तो एक. मामांना मी 'नाही वाढत' म्हणू शकलो नाही तो यामुळे.

तोवर इकडे दुसरीच गोष्ट घडून गेली होती. पाच रुग्णांना आपण औषध घेतोय हे माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत होतं. म्हणून ॲमजेनने ३४ रुग्णांवर नीट चाचणी घेतली: सगळ्यांच्या डोक्यात नळ्या, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी, कुणाला काय ते झाकलेलं. सहा महिन्यांनी औषधवाल्यांत १० टक्के सुधारणा, पाणीवाल्यांत साडेचार. फरक एवढा किरकोळ की योगायोगानेही पडावा. त्यात काही रुग्णांच्या शरीराने या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, आणि मोठा डोस दिलेल्या काही माकडांच्या लहान मेंदूत इजा आढळली. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने सगळ्यांचंच औषध बंद केलं.

ज्यांना आपल्याला फरक पडतोय असं वाटत होतं, ते रुग्ण गयावया करत राहिले. आमच्या जबाबदारीवर द्या, म्हणाले. कंपनी नाही म्हणाली. न्यूयॉर्क आणि केंटकीतले रुग्ण कोर्टात गेले आणि हरले. केंटकीचं प्रकरण २००६ मध्ये अपिलातही गेलं. कोर्टाच्या म्हणण्याचा सारांश असा, की संमतीपत्रावर करार झालाय तो रुग्ण आणि विद्यापीठ यांच्यात. औषध देत राहण्याचं बंधन कंपनीवर येत नाही. कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. डोक्यात नळी मात्र रुग्णाच्याच होती.

मी कंपनीला खलनायक ठरवायला बसलेलो नाही. माकडांच्या मेंदूतली इजा बघून औषध चालू ठेवलं असतं आणि उद्या एखादा रुग्ण दगावला असता, तर हीच लेखणी उलट्या बाजूने चालली असती. पार्किन्सन्समध्ये नुसत्या आशेने मेंदूत डोपामाइन सुटतं, हे २००१ पासून सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे 'मला बरं वाटतंय' ही रुग्णाची साक्ष खरी असूनही पुरावा म्हणून पुरत नाही. माझं भांडण वेगळं आहे. कवटीला भोक पाडण्याआधी ठरवायच्या गोष्टी भोक पाडून झाल्यावर ठरवल्या गेल्या.

ब्रिस्टलचे लोक चिवट. पार्किन्सन्स यूके या रुग्णसंस्थेच्या जवळपास ३० लाख पौंडांवर त्यांनी पुन्हा चाचणी मांडली. म्हणजे लोकांनी वर्गणी काढून जमवलेला पैसा. या वेळी रोबोच्या मदतीने प्रत्येकाच्या मेंदूत चार नळ्या, कानामागे कवटीत बसवलेलं बटणाएवढं पोर्ट, दर चार आठवड्यांनी त्यातून औषध. मुख्य टप्प्यात ३५ रुग्ण, नऊ महिने. २०१९ मध्ये निकाल लागला: औषधवाल्यांत १७.३ टक्के सुधारणा, पाणीवाल्यांत ११.८. पुन्हा नापास.

पण त्याच रुग्णांच्या पेट स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणाऱ्या चित्रांत, औषधवाल्यांच्या मेंदूत त्या भागाची डोपामाइनची कामगिरी ठळक वाढलेली होती, पाणीवाल्यांची जिथल्या तिथे. म्हणजे आत काहीतरी फुटत होतं. बाहेर, चालण्यात आणि बटण लावण्यात, ते उमटत नव्हतं.

हे वाचताना मला मामांची बाग आठवली. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर जे फुटतं त्याला घड येऊ द्यायचा नसतो, ती काडी तयार करायची. ऑक्टोबरमध्ये त्याच काडीवर छाटणी घेतली की माल लागतो. जूनमध्ये बागेत शिरून कुणी घड मोजायला लागला आणि 'बाग फेल' असा शेरा मारला, तर निफाडमध्ये त्याला वेड्यात काढतील. नऊ महिन्यांची चाचणी मला तशी वाटली. दिवसाला मिलिमीटरभर चालणारी गोष्ट; तीही चांगल्या जमिनीत, तरण्या झाडावर. इथे रुग्ण असे, ज्यांच्या आजाराला अनेक वर्षं झालेली, म्हणजे कॉर्डोवर यांच्या हिशोबाने फांद्या जवळपास संपलेल्या.

मामांना हे सांगितल्यावर त्यांनीच मला अडवलं. म्हणाले, काडी आली म्हणजे घड आला असं धरून चालायचं नाही. ढगाळ हवा पडली, अन्न कमी पडलं की काडी पेन्सिलीएवढी जाड दिसते आणि ऑक्टोबरात घड जिरतात, नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे वळणदार तंतू, निघतात. म्हणून तर छाटणीआधी काडी तपासायला पाठवतात. काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आत घड आहे का. "पण तपासणीचा कागद दाखवून मी कुणाकडून मालाचे पैसे घेतलेत का?"

पेट स्कॅन म्हणजे तो काडी तपासणीचा कागद. आणि माझ्या जूनच्या युक्तिवादाला एक छिद्र खरोखरच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ब्रिस्टलच्या चाचणीत नऊ महिन्यांनंतर सगळ्यांनाच औषध दिलं. अठरा महिन्यांनी दोन्ही गटांची सुधारणा सुरुवातीच्या तुलनेत जवळपास सारखीच होती, २७ टक्क्यांच्या आसपास. जास्त काळ औषध घेतलेले पुढे असायला हवे होते. ते नव्हते. शिवाय त्या दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांना माहीत होतं की आता पाणी नाही, औषधच आहे.

या शेतातल्या इतर वाफ्यांकडे पाहिलं तरी फार हुरूप येत नाही. त्सुरिखच्या मार्टिन श्वाब यांनी शोधून काढलं की मेंदूतल्या धाग्यांभोवतीच्या वेष्टनातच वाढ रोखणारे पदार्थ आहेत. त्यांतल्या मुख्य पदार्थाला त्यांनी नोगो म्हटलं, 'जाऊ नको' असाच अर्थ. त्याला बांधून ठेवणाऱ्या प्रतिपिंडाने पाठीचा कणा दुखावलेले उंदीर पुन्हा चालू लागले. त्याच कल्पनेवरचं एक औषध एएलएस या स्नायू लुळे पाडणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांवर उपयोगी पडलं नाही, आणि मानेत मणका दुखावलेल्या रुग्णांवरच्या युरोपातल्या चाचणीत २०२४ च्या शेवटी आलेला मुख्य निकालही नकारार्थी होता. लेव्ही-मोंताल्चिनींचं प्रथिन अल्झायमर्समध्ये जनुकासकट मेंदूत सोडून पाहिलं, तेही फळलं नाही. मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा दिसलं की ते लक्ष्यापर्यंत पुरेसं पसरलंच नव्हतं. दर वेळी 'डोस कमी पडला, पोचलं नाही, रुग्ण उशिरा आले' म्हणत राहिलं तर कुठलीच कल्पना कधी चूक ठरणार नाही. अशा विज्ञानात आणि आमच्याकडच्या त्या क्लिनिकात फार अंतर उरत नाही.

तरीही मी चाचण्या थांबवा म्हणणाऱ्यांत नाही. कारण मामांच्या खिशातल्याच गोळीचा इतिहास. खाजकुइलीच्या बियांमधला लेव्होडोपा, म्हणजे त्या गोळीतलं मुख्य औषध, १९३७ मध्ये मद्रासच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा काढला होता. पार्किन्सन्सवर तो वापरून बघायला साठचं दशक उजाडलं. १९६१ मध्ये व्हिएन्नात शिरेतून दिला तर रुग्ण काही तासांसाठी उठून चालले. पाठोपाठ इतरांनी प्रयत्न केले, कुणाला गुण दिसला, कुणाला नाही, आणि हे खूळ आहे असं म्हणणारे वाढले. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी तोच पदार्थ तोंडावाटे, थोडा थोडा वाढवत, आधी कुणी दिला नव्हता इतक्या प्रमाणात दिला. अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. मधल्या सहा वर्षांतल्या चाचण्या प्रामाणिक होत्या, त्यांचे निकालही खरे होते. चुकला होता तो विचारलेला प्रश्न.

तेव्हा जीडीएनएफलाही प्रश्न नीट विचारला गेलेला नाही, असं माझं मत आहे. नीट म्हणजे फांद्या अजून शिल्लक असलेल्या रुग्णांवर, औषध सगळ्या भागात पसरेल अशा पद्धतीने, तीन-चार वर्षं. आणि कोणत्या आकड्याला हार मानायची ते पहिल्या दिवशी लिहून. तेवढ्यावरही नापास झालं तर पुस्तक बंद करावं. मग पेट स्कॅनची रंगीत चित्रं कुणी दाखवू नयेत.

आता हे करणार कोण? कंपनीचं घड्याळ पेटंटचं असतं. १९९३ च्या रेणूवर चार वर्षांची चाचणी घ्यायला तिला कारण नाही. एक वाट निघाली आहे ती जनुकाची. निरुपद्रवी विषाणूत जीडीएनएफचं जनुक घालून एकदाच मेंदूत सोडायचं, मग पेशीच आयुष्यभर औषध बनवत राहतील. बायर समूहातली आस्कबायो कंपनी अशी चाचणी घेते आहे, आणि मी तिच्या निकालाकडे डोळे लावून बसलेलो आहे. पण इथे ती जुनी भीती दुप्पट होते. नळी बंद करता येते. सोडलेलं जनुक परत बोलावता येत नाही.

आणि सगळ्यांत अवघड गाठ ही. ज्यांना फायदा होण्याची शक्यता जास्त, ते निदान होऊन वर्ष-दोन वर्षं झालेले. त्यांना गोळी उत्तम लागू पडत असते. ते नोकरी करतात, गाडी चालवतात, हाताचा कंप खिशात लपवतात. त्यांना सांगायचं की कवटीला भोक पाडू द्या, कदाचित पाणीच सोडू, आणि चार वर्षं वाट पाहा. ज्याचं सगळं गेलं तो काहीही करायला तयार असतो आणि त्याच्यावर प्रयोग करून उपयोग नसतो. ज्याच्यावर प्रयोग करायला हवा त्याच्यापाशी घालवायला पुष्कळ असतं. एवढं मोठं मागणं समाज एखाद्याकडे मागणार असेल, तर त्याबदल्यात समाजाने काहीतरी लिहून द्यायला हवं. हा पैसा म्हणूनच सार्वजनिक असावा, असं मला वाटतं. लोकवर्गणीने ब्रिस्टलमध्ये जे झालं ते कौतुकाचं आहे, पण पुन्हा पुन्हा वर्गणीवर होणारं नाही.

आपल्याकडे लिहून देण्याची सोय कागदावर आहे, आणि ती पुष्कळ देशांपेक्षा बरी आहे. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांतला २७ वा नियम म्हणतो की चाचणी संपल्यावर रुग्णाला औषध देत राहावं अशी संशोधक डॉक्टरने शिफारस केली आणि नीतिसमितीने ती मान्य केली, तर प्रायोजकाने ते फुकट द्यायचं. केंटकीच्या रुग्णांना असा नियम मिळाला असता तर त्यांची केस निदान उभी राहिली असती. पण पुढची अट वाचा. ज्या आजाराला दुसरा कुठलाही उपचार उपलब्ध नाही, त्याच आजाराच्या चाचणीला हे लागू. पार्किन्सन्सला सिंडोपा आहे. ती तीन तास चालते आणि मग माणूस उंबरठ्यावर अडकतो, पण 'उपलब्ध' आहे. एखाद्या कंपनीच्या वकिलाला एवढी फट पुरेशी आहे.

ही अट निदान मेंदूत काही बसवण्याच्या किंवा सोडण्याच्या चाचण्यांपुरती तरी काढून टाकायला हवी. त्याहून महत्त्वाचं, नळ्या काढण्याचा, पोर्टला जंतुसंसर्ग झाला तर त्याच्या उपचाराचा आणि पुढची दहा वर्षं रुग्णावर लक्ष ठेवण्याचा खर्च पहिल्या शस्त्रक्रियेआधीच तिऱ्हाइताच्या खात्यात जमा असायला हवा. कंपनी विकली गेली, बंद पडली, तिने विषय सोडला, तरी तो पैसा हलता कामा नये. असं केलं तर कंपन्या भारतात चाचण्या घेणारच नाहीत, हा आक्षेप मी ऐकलाय. काही घेणार नाहीत, हे खरं. रुग्णाच्या डोक्यातली नळी काढायचे पैसे ज्यांना जड वाटतात, त्यांनी ती घालू नये.

तोवर मधल्या रिकाम्या जागेत दुकानं चालतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले, तर मूळपेशी वापरायच्या त्या मंजूर चाचणीतच. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी साडेचार लाख वाचतात. मामांना आलेल्या फॉर्मवर हमी नाही असं बारीक अक्षरांत छापलेलं होतं, पैसे परत नाहीत असं जाड अक्षरांत, आणि तपासणीला पुन्हा कधी यायचं याची जागा कोरी. खाली सहीची रेघ. मामांची सही आता मुंग्यांच्या रांगेएवढी येते, बँक दोनदा पास करत नाही. या फॉर्मवर मात्र ती चालली असती.

ऑक्टोबरात मी गेलो तेव्हा छाटणी चालू होती. मामांच्या हातात कात्री आता राहत नाही. ते ओळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात आणि टोळीतल्या पोरांना कुठल्या डोळ्यावर मारायचं ते सांगतात. मी त्यांना सगळं सांगितलं: नस वाढते हे खरं, त्या क्लिनिकात वाढत नाही, आणि जिथे वाढते तिथेही तुमच्यासाठी फार उशीर झालाय.

"मग कुणाला उपयोग होईल?"

"ज्याचा हात आत्ता कुठे थरथरायला लागलाय त्याला. झाला तर."

"म्हणजे धडधाकट माणसाच्या डोक्याला भोक पाडायचं."

"हो."

ते बराच वेळ कात्र्यांचा आवाज ऐकत राहिले. तीन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने त्यांच्या पूर्ण बागेतला माल तोडून नेला आणि फोन बंद केला. तेव्हापासून पैसे हातात पडल्याशिवाय क्रेट बागेत येऊ देत नाहीत.

"दहा वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर दिलं असतं मी डोकं," मामा म्हणाले. "पण नळी काढायला कोण येणार, ते आधी लिहून घेतलं असतं." मग पलीकडच्या ओळीतल्या पोराकडे बघून ओरडले, "अरे, तो डोळा नको, त्याच्या मागचा!"